बँकेची मुलाखत आणि दुसरा प्रश्न

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या उमेदवारांच्या सराव मुलाखती घेत असतो. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या भरतीत ही मुलाखत १०० गुणांची असते, सर्वसाधारण गटासाठी किमान ४० टक्के गुण आवश्यक असतात आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचे प्रमाण ८०:२० असे धरले जाते. वीस टक्के म्हणजे फारसे नाही, असे समजून मुले लेखी परीक्षेनंतर सैलावतात. परंतु लेखीचे गुण एकमेकांच्या अगदी जवळ आलेल्यांची जागा आणि बँक बहुतेक वेळा याच वीस टक्क्यांवर ठरते.

तयारीत मला सर्वांत मोठी उणीव दिसते ती अशी की, सगळे पहिल्या प्रश्नाची तयारी करतात आणि त्याच्या उत्तरावरून निघणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाची कोणीच करत नाही. पहिला प्रश्न सर्वांना ठाऊक असतो. अभियांत्रिकीची पदवी घेऊन बँकेत का येता, असे विचारले की ‘स्थैर्य आणि समाजसेवेची संधी’ हे शिकवणीत घोटून घेतलेले उत्तर न अडखळता बाहेर पडते. त्यावर मी विचारतो, ‘समाजसेवा शाखेतल्या नेमक्या कोणत्या काउंटरवर चालते?’ आणि समोरचा गडबडतो. खरे तर स्थिर नोकरी हवी आहे, असे सांगण्यात काहीच गैर नाही. मात्र त्यापाठोपाठ बँकेतला अधिकारी दिवसभर काय करतो, त्याच्या सहीने कोणते व्यवहार पुढे जातात आणि वसुलीसाठी त्याला कुठे फिरावे लागते, हे सांगता आले पाहिजे. एखाद्या शाखेत जाऊन तासभर बसले तरी यातले पुष्कळसे कळते, पण तेवढे करणारे थोडेच.

तासगाव भागातल्या एका मुलाचे उदाहरण सांगतो. बँकांच्या कर्जांपैकी प्राधान्य क्षेत्राला (शेती, लघुउद्योग यांसारख्या क्षेत्रांना) ४० टक्के आणि त्यातही शेतीला १८ टक्के कर्जपुरवठ्याचे उद्दिष्ट असते, हे त्याने चोख सांगितले. घरी द्राक्षबाग आहे हे त्याच्या अर्जावरून कळत होते, म्हणून मी विचारले, ‘वडिलांनी बेदाणा शीतगृहात ठेवला आहे, भाव पडला आहे आणि आत्ता विकायचा नाही. मग बँक काय करू शकते?’ मुलगा गप्प! पुढे बोलण्यातून निघाले ते असे की, शीतगृहाच्या पावतीवर कर्ज काढणे हे त्यांच्या घरी नेहमीचेच होते. मी त्याला सांगितले की, रात्री वडिलांना फोन कर आणि सगळे नीट विचारून घे. पुढच्या वेळी तो आला तेव्हा पावतीवर बँकेचा बोजा कसा नोंदवतात, मालाच्या किमतीतून मार्जिन (ज्यावर बँक कर्ज देत नाही तो हिस्सा) वजा करून रक्कम कशी ठरते आणि माल सोडवताना बँकेचे पत्र का लागते, हे त्याने आपल्या शब्दांत सांगितले. मग प्लेज आणि हायपोथिकेशन यांतला फरकही त्याच्या सहज लक्षात आला: पहिल्यात माल बँकेच्या ताब्यात असतो, दुसऱ्यात तो कर्जदाराकडेच राहतो. व्याख्या त्याला आधीही पाठ होती, फक्त ती घरच्या बेदाण्याला जोडलेली नव्हती.

म्हणून अर्जाची प्रत समोर ठेवून प्रत्येक रकान्यावर स्वतःलाच तीन-चार प्रश्न विचारावेत. जिल्ह्यातले मुख्य पीक कोणते, पदवीनंतरचे एक वर्ष रिकामे का, छंद ‘वाचन’ लिहिला असेल तर शेवटी काय वाचले? (काही वाचलेच नसेल तर तो छंद अर्जात न लिहिलेला बरा.) चालू घडामोडींचेही असेच आहे. रेपो दराचा (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते त्याचा) आकडा मुलाखतीच्या दिवशी सकाळी पाहून जावाच, परंतु हा दर उतरल्यावर गृहकर्जाचा हप्ता कमी होऊ शकतो आणि जुन्या मुदत ठेवीचे व्याज मात्र तेच राहते, असे का, याचेही उत्तर तयार हवे. बँकांची तरत्या (बदलत्या) दराची नवी गृहकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानदंडाशी, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, जोडली गेली आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दरच निवडला. ठेवीचा दर मात्र मुदत संपेपर्यंत बांधलेला असतो.

कपडे स्वच्छ आणि साधे असावेत, मूळ कागदपत्रे क्रमाने लावलेली असावीत. याहून अधिक त्याविषयी लिहिण्यासारखे नाही.

बदलीचा प्रश्न मात्र हमखास येतो आणि ‘कुठेही जाईन, सर’ हे उत्तरही तितकेच हमखास येते. देगलूरच्या एका मुलीला मी पुढे विचारले की, बदलीच्या ठिकाणची भाषा येत नसताना शेतकऱ्याला कर्जाच्या अटी कशा समजावून सांगाल? ती म्हणाली, ‘आमच्या बाजारात तेलुगू आणि कन्नड बोलणारे लोक येतात, त्यामुळे मोडकेतोडके बोलायची सवय आहे. तेही जमले नाही तर व्याजदर, हप्ता आणि तारीख आकड्यांत लिहून दाखवीन आणि गावात बँकेचे काम करणाऱ्या बँकमित्राची मदत घेईन.’ बँकमित्रानेच चुकीचे सांगितले तर, असे विचारल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मग हप्ता कधी आणि किती भरायचा, ते ग्राहकाच्याच तोंडून वदवून घेईन, सर.’ शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने लगेच धागा पकडून तिला विचारले की, तो हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला तर त्या खात्याचे काय होईल?