पहिला किल्ट घ्यायचाय? आधी शिवणारा माणूस शोधा

एडिनबर्गला येऊन सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत मी चार वेळा भाड्याचा किल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधे पुरुष घालतात तो निऱ्यांचा गुडघ्यापर्यंतचा लोकरी पोशाख, घातला, दोनदा लग्नात, एकदा ऑफिसच्या पार्टीला आणि एकदा हॉगमनेला म्हणजे इथल्या ३१ डिसेंबरच्या जल्लोषाला, आणि दर वेळी सोमवारी दुकानात परत देताना अगदी जिवावर यायचं. सप्टेंबरमधे स्टर्लिंगला जवळच्या मित्राचं लग्न आहे, म्हटलं आता बास, या वेळी स्वतःचाच घालायचा.

सुरुवात मात्र चुकीच्या जागी केली. रॉयल माइल या पर्यटकांनी भरलेल्या रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो, तिथल्या मुलाने जीन्सचा साइज विचारला आणि दोन मिनिटांत किल्ट हातात ठेवला, लांबून बरा दिसत होता पण आतलं लेबल बघितलं तर अ‍ॅक्रिलिक, आणि मागच्या निऱ्यांवर टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या रंगीत चौकड्यांच्या नक्षीच्या, रेघा कुठेच एकमेकींना जुळत नव्हत्या. हा शिवतं कोण असं विचारलं तर त्याला सांगता येईना. तिथून निघालो आणि मग महिनाभर हाच उद्योग केला, की एडिनबर्गच्या आसपास हाताने किल्ट शिवणारं नक्की कोण आहे.

सापडलं ते पाइप बँडमुळे, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम वाजवणाऱ्या पथकामुळे. ऑफिसमधली एक मैत्रीण बँडमधे ड्रम वाजवते, तिला विचारलं तर म्हणाली दुकानांच्या पाट्या बघत फिरू नकोस, बँडवाल्यांना विचार, कारण ती लोकं वर्षभर पावसात वाऱ्यात किल्ट घालून उभी असतात, कोणाची शिलाई टिकते हे त्यांना बरोबर माहीत असतं. तिने दिलेला पत्ता निघाला फोर्थच्या खाडीपलीकडे फाइफ भागातला, एका बाईंच्या घरी, मागच्या खोलीत मोठं टेबल, खिडकीतून भरपूर उजेड आणि सगळीकडे लोकरीचा वास. तुम्ही नवीन असाल तर माझंही सांगणं हेच, बँडवाल्यांना विचारा.

बाईंनी आधी बेल्ट काढायला लावला. किल्टची कंबर म्हणजे पँटची कंबर नाही, किल्ट बेंबीच्या जवळपास, चांगला वर बसतो, त्यामुळे जीन्सचा नंबर सांगितला की माप हमखास चुकतं. मग नितंबांचं सगळ्यात रुंद जागी माप घेतलं आणि शेवटी लांबी. खालची कड गुडघ्याच्या वाटीपाशी आली पाहिजे, आणि हे माप त्यांनी दोनदा घेतलं, एकदा उभं राहून आणि एकदा गुडघ्यांवर बसवून. त्याचं कारण ऐकल्यावर मला फार आवडलं, किल्टला खाली दुमडून शिवलेली पट्टी नसतेच, मागावर विणलेला काठच तळाला येतो, म्हणजे लांबी चुकली तर नंतर खाली सोडायला काही उरतच नाही. कमरेचं तसं नाही, वजन वाढलं तर पट्टे बकल सरकवता येतात.

कापड साधारण ८ यार्ड लागतं, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास, आणि त्यातलं बहुतेक सगळं मागे निऱ्यांमधे जातं, पुढचे दोन पदर सपाट असतात. निरी घालायच्या दोन पद्धती. एकीत घडी अशी घालतात की मागूनही टार्टनची पूर्ण नक्षी जशीच्या तशी दिसते, दुसरीत प्रत्येक निरीच्या मधोमध एकच रेघ आणतात, ती पलटणींची पद्धत, चालताना घड्या उघडल्या की रंग एकदम बदलतो. मी पहिली घेतली. बाईंनी एक अर्धवट शिवलेला किल्ट उलटा करून दाखवला, आत कॅनव्हास, कमरेकडे निमुळती होत गेलेली एकेक निरी आणि प्रत्येकीवर हाताचे बारीक टाके, ते बघितल्यावर दुसरीकडे जायचा विचार संपला. कुठेही ऑर्डर देण्याआधी आतली बाजू दाखवा म्हणा, चांगला शिवणारा आनंदाने दाखवतो.

टार्टनबद्दल मला धाकधूक होती, माझं इथे कुठलंच क्लॅन, म्हणजे ज्याच्या नावाचा टार्टन असतो असं स्कॉटिश कुळ, नाही, तर कोणाच्या नावाचा घालायचा? तशी कायद्याने काही बंदी नाही, आणि शहरांचे, जिल्ह्यांचे टार्टन आहेत, ब्लॅक वॉच या पलटणीच्या नावाचा टार्टन तर कोणीही घालतं. स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स हे सरकारी रजिस्टर २००९ पासून आहे आणि ऑनलाइन फुकट बघता येतं, मी दोन रात्री त्यातच घालवल्या. शेवटी स्काय बेटाच्या नावाचा आयल ऑफ स्काय टार्टन घेतला, जांभळा आणि हिरवा, कारण इथे आल्यावर पहिली मोठी सहल आम्ही स्कायलाच केली होती आणि हेदरच्या जांभळ्या झुडपांनी फुललेले ते डोंगर अजून डोळ्यांसमोर आहेत. कापड यार्डाला १६ औंस वजनाचं, जड, पण त्या वजनामुळेच निऱ्या सरळ पडतात.

खर्च कमी नाही. मी चौकशी केली तिथे हाताने शिवलेल्याचे पाचशे सहाशे पौंड आणि पुढेच सांगत होते, स्पोरन म्हणजे पुढे लटकवायची पिशवी आणि मोजे वेगळे, आणि थांबायचं दहा आठवडे. पण १७४६ च्या कायद्याने याच पोशाखावर बंदी घातली होती, सैन्य सोडून कोणा पुरुषाने घातला तर पहिल्यांदा सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार रवानगी, आणि ती बंदी उठली १७८२ ला. एवढं होऊनही जे शिवणकाम टिकलं ते करणाऱ्या माणसाच्या हातात पैसे जावेत असं मला मनापासून वाटतं.

परवा किल्ट घेऊन आलो. निऱ्या बसाव्यात म्हणून घातलेले कच्चे पांढरे दोरे बाईंनी तसेच ठेवलेत, लग्नाच्या आदल्या दिवशीच काढ असं बजावलंय. सध्या तो कपाटात टांगलाय, दोऱ्यांसकट.