बागेची हद्द कुणाच्या कपाटात?

उपग्रहाने आमची बाग एका संध्याकाळात दाखवली. तिची हद्द कळायला मात्र चार महिने लागले.

पेव्हर ब्लॉक सरकत सरकत वडाच्या पारापर्यंत आले, तेव्हा हिरवळ किती गेली ते नकाशावर दाखवते, असं मी सोसायटीच्या बैठकीत बोलून बसले. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट, नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअरही फुकट. चित्रातल्या बँड ८ (अवरक्त प्रकाश) मधून बँड ४ (लाल प्रकाश) वजा करायचा, दोघांच्या बेरजेने भागायचं, झाला एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळ मोजणारा आकडा. लेकाने शिकवलं.

पण बाग कुठून कुठवर? पालिकेचा उद्यान विभाग म्हणाला, नगररचनेत विचारा. नगररचना म्हणाली, मालमत्ता विभाग. तिथे ‘साहेब साइटवर गेलेत’. तिसऱ्या खेपेला साहेब होते, तर कपाटाची किल्लीवाले रजेवर! शेवटी १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. ३० दिवस गेले, उत्तर नाही. मग २० रुपयांचा लावून पहिलं अपील. (आवक शिक्क्याची पोच घ्याच. माझी आधीची दोन साधी पत्रं म्हणे ‘आलीच नाहीत’.) सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन आला, ‘मॅडम, घेऊन जा.’

हातात पडली ए-फोरवर दाबून बसवलेली झेरॉक्स. कोपऱ्यात प्रमाण १:२५००, जे लहान केल्यावर खोटंच. उत्तरेचा बाण अर्धा कापलेला आणि घडीची काळी रेघ नेमकी पूर्व हद्दीवर. अर्जात ‘मूळ प्रमाणातली प्रमाणित प्रत किंवा सॉफ्ट कॉपी’ असं लिहा, नुसतं ‘नकाशा’ नको. आणि मुदत उलटली की माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). मी झेरॉक्सचे पैसे भरून आले, त्याचा राग अजून आहे.

स्कॅन करून देऊळ, पूल, पाण्याची टाकी असे बिंदू उपग्रहाच्या चित्राशी जुळवले, तर बाग शेजारच्या शाळेच्या मैदानात गेली! नकाशातली टाकी कधीच पाडलेली, आजची वेगळीच. टाकी वगळून चौकाचा कोपरा धरला, तेव्हा बसलं.

हो, तुलना फेब्रुवारीची फेब्रुवारीशीच करा. मी आधी ऑक्टोबर आणि मे लावून उगाच बोंब मारली होती. शिवाय उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन १० मीटरचा, म्हणजे एकरभर बागेत जेमतेम ४० चौकोन. त्यात गाजरगवतही हिरवंच दिसतं. झाडं पायी फिरूनच मोजली.

सगळं घेऊन गेले, तर उद्यान विभागातल्या साहेबांनी विचारलं, ‘ही हद्द तुम्हाला दिली कुणी?’ त्यांच्याच पालिकेच्या शिक्क्याची प्रत पुढे केली. त्यांनी शिपायाला हाक मारून तिची झेरॉक्स काढून घेतली.