तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या चित्रातल्या माणसांना चेहरे का नाहीत?

कोकणातल्या हर्णै बंदराची माझी वॉटरकलर्स बघून बहुतेक जण हेच विचारतात, कोळणींना नाक-डोळे का नाहीत, बोटीवरचं नाव का वाचता येत नाही, चित्र अर्धवट राहिलंय का. नाही हो, चित्र पूर्ण आहे.

संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी तिथं उभं राहून बघा. सूर्य समुद्राच्या अंगाला, त्यामुळे समोरची माणसं सगळी काळपट, कडेला फक्त उजेडाची रेघ, आणि ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं. तेव्हा डोळ्याला चेहरा दिसतच नाही, मग मी तो का काढू? फ्रेंच चित्रकार मोनेने १८७२ मध्ये फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातली पहाट रंगवली, ज्या चित्रावरून इम्प्रेशनिझम (त्या क्षणाचा उजेड पकडणारी चित्रशैली) हे नाव पडलं, त्यात पुढची होडी म्हणजे ब्रशचे मोजके गडद फटकारे आहेत, तरी त्यात उभा असलेला माणूस लगेच कळतो.

पण काय वाटेल ते सोडून चालत नाही. बोट भरून आलीय की रिकामी हे ती पाण्यात किती बुडालीय यावरून कळतं, ती रेघ चुकली की कोळी माणूस चित्रासमोर थांबणार नाही. डोक्यावर पाटी असलेल्या बाईची मान आणि पाठ वेगळी दिसते, तेही चुकायला नको. स्पेनचा चित्रकार सोरोया याचं १८९४ चं चित्र आहे, मासेमारीहून परत आलेली बोट वालेन्सियाच्या किनाऱ्यावर बैल ओढतायत, शिडात वारा भरलाय, आणि बैलांच्या खांद्यावरचं वजन आपल्याला जाणवतं. हर्णैला मासळी न्यायला बैलगाड्या पाण्यात उतरतात ना, म्हणून मला ते चित्र फार जवळचं, मी त्यातून बैल शिकलो म्हणा ना!

आणखी एक, कोकणच्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, रंग एकमेकांत पसरत राहतात, त्यामुळे कडा मऊ होतात, तेही मला हवंच असतं.

बारीक काम मी करतो, पण जून-जुलैत. मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, त्यामुळे अख्खा तळ बघायला मिळतो. तेव्हा पेन्सिलने नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत एकेक फळी काढतो, खलाशांना विचारून घेतो कुठली दोरी कशाची. सीझन सुरू झाला की उजेड पाच-दहा मिनिटांत बदलतो, तेव्हा यातलं काय गाळायचं ते हाताला आधीच माहीत असावं लागतं.