‘गेलो’ की ‘गेले’?

हस्तलिखितावर संपादकाने किती हात फिरवावा, हा प्रश्न मला एका कादंबरीच्या कामात फार तीव्रतेने भिडला. कागल तालुक्यातल्या एका शेतकरी बाईच्या तोंडून ती सारी कथा येत होती. लेखिका निवृत्त शिक्षिका होत्या. आम्ही त्यांना बाईच म्हणत असू.

मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा लेखननियम आम्ही पाळतो. पात्राच्या तोंडची भाषा लिहिताना ‘केलं’, ‘म्हटलं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे त्यांत मान्य आहेत, आणि इथे तर सगळे निवेदनच पात्राच्या तोंडचे असल्यामुळे मी ती रूपे निःशंकपणे राहू दिली. ‘मी शेताला गेलो’, ‘मी बांधावर बसलो’ ही वाक्ये मात्र मला लिंगाची चूक वाटली. चौथ्या प्रकरणात तीच बाई ‘मी आले’ म्हणत होती, त्यामुळे लेखिकेचेच लक्ष सुटले असावे असे मी गृहीत धरले आणि पहिल्या तीन प्रकरणांतले प्रत्येक ‘गेलो’ बदलून ‘गेले’ केले. विचारण्याची गरजसुद्धा मला वाटली नाही.

प्रूफ हाती पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. सुरुवातीला त्या नेहमीच्या, वर्गातल्या मराठीत बोलत होत्या. मग आवाज दाटला आणि त्या म्हणाल्या, “अहो, रात्रभर मी झोपलो न्हाई. माझी आई असंच बोलायची, मीबी घरात असंच बोलतो. तुम्ही माझ्या बाईची जीभच काढून घेतली की हो.”

ते ‘झोपलो’ कानावर पडताच मी पेन खाली ठेवले. कोल्हापूरकडे बायका स्वतःविषयी बोलताना ‘आलो’, ‘जातो’ म्हणतात, हे मी ऐकून होतो; पण कागदावर ते समोर आले तेव्हा मला ओळखता आले नाही. चौथ्या प्रकरणातले ‘आले’सुद्धा जाणूनबुजून लिहिलेले होते. बाई पुण्याला येते आणि इथल्या माणसांसमोर तिची भाषा बदलते.

मग खरी अडचण पुढे आली. ‘मी भाकरी केली’ या वाक्यात क्रियापद भाकरीप्रमाणे चालते, बोलणारा पुरुष की स्त्री ते त्यातून कळत नाही. पहिले पान अशाच वाक्यांचे होते, आणि त्यानंतर एकदम ‘गेलो’ आले की नागपूरच्या किंवा नाशिकच्या वाचकाने निवेदक पुरुष आहे असे समजणे अगदी स्वाभाविक होते. तळटीप द्यावी असे मी सुचवले. बाईंनी ते ठामपणे नाकारले, आणि आज मला त्यांचेच बरोबर वाटते, कारण तळटिपेने निवेदकाचे बोलणे मध्येच तोडले असते. अखेर दुसऱ्या पानावरची सासूची हाक, “सूनबाई, चूल पेटली का?”, आम्ही कादंबरीच्या पहिल्याच ओळीत आणली. तेवढ्याने काम झाले.

तिन्ही प्रकरणे मी मूळ हस्तलिखित शेजारी ठेवून हाताने पूर्ववत केली. संगणकाला एका आज्ञेत ते करता आले नसते, कारण ‘ते गेले’ आणि ‘मी गेले’ यांतले ‘गेले’ त्याला सारखेच दिसते. चौथ्या प्रकरणाच्या आरंभी बाई स्वारगेटला ‘एस.टी.तून उतरलो’ म्हणते आणि दोनच ओळींनंतर घरमालकिणीला ‘मी कागलहून आले’ असे सांगते. त्या दोन्ही शब्दांभोवती मी लाल वर्तुळे केली होती. ती खोडून मी समासात लिहिले: ‘दोन्ही रूपे हेतुपुरस्सर. बदलू नयेत.’