गुडघ्यासाठी खेळ सोडायचा नव्हता

दुखणं पहिल्यांदा जाणवलं ते कोर्टवर नाही, ठाणे स्टेशनच्या पुलावर. पायऱ्या चढताना काही नाही, पण फलाटावर उतरायला लागलं की उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायची. मग ऑफिसात बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत. खेळताना अंग तापलं की दुखणं विसरायला व्हायचं आणि रात्री गुडघा ठणकायचा.

घरीदारी सगळ्यांचं निदान तयार होतं. वंगण संपलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "या वयात कशाला उड्या मारायच्या गं, चालायला जात जा." त्या मायेनेच बोलल्या, पण मला ते फार लागलं. शाळेनंतर माझ्या हातात कधी रॅकेट आली नव्हती. पन्नाशी ओलांडल्यावर सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टवर कोणीतरी पिकलबॉल सुरू केला, म्हणजे छोट्या फळीसारख्या बॅटने प्लास्टिकचा चेंडू नेटपलीकडे मारायचा खेळ. कोर्ट तेच, २० बाय ४४ फूट. नेट खाली घेतलं, किचनच्या, म्हणजे नेटलगतच्या पट्ट्याच्या, रेषेला पिवळी टेप लावली आणि आम्ही बायका संध्याकाळी खेळायला लागलो. त्या एका तासात मी कोणाची आई नसते, कोणाची सून नसते. तो तास मला हवा होता.

हाडांच्या डॉक्टरांनी उभं राहून एक्स-रे काढायला लावला. वयाप्रमाणे थोडी झीज, बाकी ठीक, फिजिओकडे जा म्हणाले. पहिल्या ठिकाणी रोज यंत्राचा शेक मिळाला, व्यायाम एकही नाही. संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून ठिकाण बदललं. माझं स्पष्ट मत झालंय की गुडघ्याच्या अशा दुखण्यात जिथे नुसतं झोपवून शेक देतात आणि घरी करायला काही सांगत नाहीत, तिथे पैसे घालवू नयेत.

दुसऱ्या फिजिओने गुडघ्याला हात लावण्याआधी मला एका बुटक्या पायरीवर उजव्या पायावर उभं केलं. "डावी टाच हळूच जमिनीला टेकवा आणि परत वर या, काकू." समोर आरसा होता. मी खाली जाताना उजवा गुडघा सरळ पुढे न जाता आत, डाव्या पायाकडे पडत होता आणि कंबर एका बाजूला कलत होती. तिने बोट ठेवलं ते गुडघ्यावर नाही, नितंबाच्या बाहेरच्या बाजूला. इथला स्नायू कमजोर, म्हणून मांडी आत वळते आणि वाटी आपल्या खाचेत नीट सरकत नाही. जिना उतरताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो, हे तिनेच सांगितलं. उतरतानाच का दुखतं, ते तेव्हा कळलं.

पिकलबॉलमध्ये हा भार सतत येत राहतो. भोकांचा प्लास्टिकचा चेंडू टेनिसच्या चेंडूसारखा उसळत नाही, खालीच राहतो, म्हणून आपल्याला खाली जावं लागतं. नेटपासून ७ फुटांच्या किचनमध्ये उभं राहून चेंडू हवेत मारता येत नाही. म्हणून चौघीही त्या रेषेशी गुडघे वाकवून उभ्या राहतात आणि डिंक, म्हणजे नेटच्या जेमतेम पलीकडे पडणारे हलके फटके, मारत राहतात. सर्व्हिस करणाऱ्या जोडीला परतीचा चेंडूही टप्पा पडू द्यावाच लागतो, म्हणजे मागे थांबायचं, मग पुढे धावायचं आणि रेषेवर करकचून थांबायचं. हे थांबणं मांडीच्या पुढच्या स्नायूच्या जोरावर होतं. तो थकला की वाटी ओरडते.

सुरुवात झाली भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं थांबण्यापासून. फार खाली नाही, दुखणार नाही इतपत. ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विसावा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, सेतुबंधासन, आणि पायांत रबरी पट्टा अडकवून खेकड्यासारखं आडवं चालायचं. मग आला पाट. घरातला जेवायचा पाट, दीड-दोन इंच उंच. त्यावर उजवा पाय, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, आणि तीन आकडे मोजत डावी टाच खाली. पाटावर जमलं की इमारतीच्या जिन्याची सर्वात खालची पायरी. वर येणं सोपं आहे, खरी मेहनत सावकाश खाली जाण्यात आहे.

खेळ तिने बंद करायला सांगितला नाही, हे मी कधी विसरणार नाही. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. खेळताना तीनपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुडघा पूर्ववत व्हायला हवा. नाही झाला तर पुढच्या वेळी कमी गेम. एक दिवसाआड खेळायचं, एकेरी नाही, आणि खाली जाताना नुसते गुडघे न वाकवता कंबरेतून वाकून बूड मागे न्यायचं. धावायचे बूटही बदलले. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, आडव्या हालचालीत पाय डगमगतो. कोर्टचे बूट घातल्यावर किचनच्या रेषेवर थांबण्यात फरक लगेच जाणवला.

गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल, किंवा खेळून आल्यावर टम्म सुजत असेल, तर मात्र हे वाचून घरी व्यायाम सुरू करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. माझं दुखणं त्यातलं नव्हतं.

आता पुलावरून मी कठड्याला हात न लावता उतरते. मांडी घालून जेवायला बसलं की उठताना अजून ओढ लागते, त्यावर काम चालू आहे. पुढचा टप्पा उडीचा आहे. पायरीवरून खाली उडी, गुडघे आत न पडता, आवाज न करता. ती जमली की एकेरी खेळायची परवानगी मागणार आहे.