पांढरा प्लग

उद्यमबागेतल्या गॅरेजमध्ये आज मिस्त्रीमामांनी माझ्या मोटारसायकलचा स्पार्क प्लग काढून तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बघा, खडूसारखा पांढरा पडलाय. गाडी उपाशी पळतेय."

मोकळा सायलेन्सर आणि जास्त हवा ओढणारा फिल्टर बसवल्यापासून थ्रॉटल सोडताच फटफट आवाज येत होता, आणि महिनाभर मी केवळ कार्ब्युरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) आयडलचा मिक्श्चर स्क्रू फिरवत बसलो होतो, ज्याचा परिणाम मुळात आयडल (थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना) आणि अगदी थोड्या थ्रॉटलपुरताच असतो. मामांनी कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, त्यामुळे सुई वर उचलली जाऊन मधल्या थ्रॉटलला पेट्रोल वाढले. पूर्ण थ्रॉटलसाठी मेन जेटही (ज्याच्या छिद्रातून पेट्रोल येते तो) मोठा घातला. नवा प्लग लावून खानापूर रस्त्यावर लांब फेरी मारली, तेव्हा तो बिस्किटासारखा तांबूस निघाला. (मायलेज घटणार, हेही मामांनी हसत सांगितले.)

मला मात्र 'उपाशी' हा शब्द बोचत राहिला. आवाज दमदार झाला याच आनंदात मी होतो. वाढलेल्या हवेला पेट्रोलही वाढवून लागेल, हे सुचलेच नव्हते.

आता बेळगावच्या सुमारे ७५० मीटर उंचीवरून चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर गेलो, तर तिथल्या दाट हवेत हाच जेट पुन्हा थोडा कमी पडेल का? कुणी अनुभव घेतला आहे?