आत्याचा लॅपटॉप: डिस्क आजारी होतीच, पण गुन्हा तिचा नव्हता

२००९ चं मशीन आहे. कोअर टू ड्युओ, डीडीआर-२ रॅमच्या दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या, ३२० जीबीची डिस्क. रत्नागिरीला आत्याच्या कपाटात साड्यांच्या घड्यांखाली चार पावसाळे काढलेले. चालू केला की विंडोजच्या लोगोवर अडकायचा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुकानात नेला तर दोन मिनिटांत निकाल: "मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या." आत्याला नवीन नकोच आहे. तिला आतले फोटो हवेत.

शुक्रवार रात्र. बॅटरी काढून नुसत्या अडॅप्टरवर चालू केला. बायॉस, म्हणजे मशीन जागं करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, त्यातली तारीख १ जानेवारी २००९, म्हणजे आतला बटण सेल संपलेला. त्यासाठी कीबोर्ड उचकटावा लागतो, म्हणून तूर्त राहू दिला. कुठून सुरू व्हायचं तो बूटचा क्रमही मशीनच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे दर वेळी एफ-१२ बडवायचं. पेनड्राइव्ह लावला तर काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकतेय, बाकी सामसूम. चूक माझीच. रूफसमध्ये (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) सवयीने जीपीटी ही नवी मांडणी निवडली होती आणि या मशीनच्या गावी यूईएफआय, म्हणजे बायॉसचा नवा अवतार, नाही. मग वेंटॉय टाकलं, एमबीआर या जुन्या मांडणीनं. ते आयएसओ फायली थेट बूट करतं, म्हणून अँटीएक्स (हलकं लिनक्स) नि मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारं) या दोन आयएसओ फायली त्यात नुसत्या कॉपी केल्या.

अँटीएक्स वर आलं, पण चार मिनिटांनी. मधे 'एटीए-१' च्या, म्हणजे आतल्या डिस्कच्या जोडणीच्या, तक्रारींच्या ओळीच्या ओळी. पेनड्राइव्हवरून बूट केलं म्हणजे आतली डिस्क बाजूला झाली असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिला हाक मारतोच, आणि उत्तर येईना की ताटकळत बसतो. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते, आकडे काढले: ५ नंबर (बदललेले सेक्टर) १२; १९७ नंबर (वाचता न आल्यानं लटकलेले) ४१. सापडला चोर! बिघडलेल्या डिस्कची जमेल तेवढी नक्कल काढणारं डीडीरेस्क्यू लगेच सुरू करायला हात शिवशिवत होते, बाहेरची डिस्क जोडलीसुद्धा. तेवढ्यात सगळं गोठलं. माउस जागच्या जागी आणि कॅप्स लॉकचा दिवा मिचमिचतोय. कर्नल पॅनिक, म्हणजे गाभ्यानंच हात टेकले.

शनिवार. दोन स्क्रू काढून डिस्क बाहेरच ओढली. आता अँटीएक्स मिनिटाभरात वर. फायरफॉक्सचे आठ-दहा टॅब उघडून चहा टाकायला गेलो, परत येतो तर पुन्हा तोच दिवा मिचमिचतोय.

मग मेमटेस्ट. सातव्या मिनिटाला लाल ओळी. दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे जोडीनं काम करत, असल्या की चुकीच्या पत्त्यावरून नेमकी कुठली पट्टी ते कळत नाही, कारण पत्ते दोघींत विखुरलेले असतात. तेव्हा एकेक करून बघणं आलं. पहिली पट्टी खालच्या खाचेत: स्वच्छ. दुसरी त्याच खाचेत: तीही स्वच्छ. इथे मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो. मग वरच्या खाचेत पहिली लावली: लाल. दुसरी लावली: लाल. पट्ट्या निर्दोष, खाच दोषी.

टॉर्च मारून भिंगातून पाहिलं. खाचेतल्या पिनांची एक रांग चकचकीत, पण कोपऱ्यातल्या तीन पिना काळपट-हिरवट. कोकणातली दमट हवा, दुसरं काय. आपल्याकडे पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासायची रीत आहे. तीही केली, पण रबर खाचेत जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मुलीचा जुना, मऊ दातांचा ब्रश. वाळायला अर्धा तास दिला, पट्टी पाच-सहा वेळा आत-बाहेर केली. रात्री दोन्ही पट्ट्या लावून मेमटेस्ट सोडला आणि झोपलो. सकाळी चार पास, चूक शून्य. (खाच किती दिवस टिकेल, देव जाणे. पुढच्या पावसाळ्यात कळेल.)

खरी धडकी नंतर भरली. शुक्रवारी मशीन गोठलं नसतं तर मी त्याच बिघडलेल्या रॅममधून अख्खी डिस्क कॉपी केली असती. फाईल 'यशस्वी' दिसली असती आणि आत कुठेतरी फोटोचा अर्धा चेहरा राखाडी. मरायला टेकलेल्या डिस्कवरून दुसऱ्यांदा वाचायची संधी मिळेलच असं नाही. खरं तर ती दुसऱ्या धडधाकट मशीनला जोडायला हवी होती, पण साटा-यूएसबीची केबल मित्राकडे, आणि मित्र पुण्यात.

रविवार दुपार. डिस्क परत आत, डीडीरेस्क्यू चालू. बाहेरची डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची निघाली. ४ जीबीपुढची फाईल तिथे मावत नाही, म्हणून आधी ती रिकामी करून एक्स्ट४ (लिनक्सचा फॉरमॅट) केली, त्यात तास गेला. पहिल्या फेरीत '-एन' लावलंय: सोपं ते आधी उचल, करपलेलं खरवडणं नंतर. यूएसबी २.० आहे, वेग सेकंदाला २७ एमबीच्या आसपास, मधेच शून्यावर येऊन खरखरतो. अशा वेळी फक्त मॅपफाईलकडे, म्हणजे कुठला भाग वाचून झाला त्या नोंदीकडे, बघत बसायचं.

मघाशी आत्याचा फोन. "अरे, झाला का रे तो डबा चालू?" म्हटलं, ८३ टक्के. तर म्हणे, "मग त्यातले नाशिकच्या लग्नातले आधी पाठव."